पक्षाघातानंतरची झोप, आणि तिच्यावरच्या संशोधनावर किती विसंबायचं?

कवडसा

बाबांना पक्षाघात होऊन पाच महिने झाले. उजवी बाजू गेली होती. पाय बराच परत आलाय, हात अजून यायचाय, बोलणं तुटक आहे. भेटायला येणारे सगळे हाताची चौकशी करतात. आम्हाला मात्र हातापेक्षा झोपेनं जास्त जेरीस आणलंय. रात्री दोनच्या सुमारास ते टक्क जागे होतात आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहतात. सकाळी फिजिओ आले की नेमके डोळे मिटायला लागतात. दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही "मेंदूला मार बसलाय, होणारच असं" एवढंच सांगितलं.

मी संख्याशास्त्र शिकवते. वैद्यकातलं मला कळत नाही, पण शोधनिबंधातला आकडा कुठून आला हे शोधता येतं. गेले दोन महिने बाबा जागे असतात तेव्हा मीही जागी असते, आणि वाचत बसते. जे हाती लागलं ते इथे मांडतेय. या वाटेवरून गेलेले इथे बरेच जण असतील, त्यांनी भर घालावी, चुकत असेन तिथे सांगावं.

आधी एक नक्की झालं की बाबांचं जागं राहणं हा त्यांचा हट्ट नाही की मनाचा खेळ नाही. रात्रभर डोक्याला तारा लावून झोप मोजलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली आला. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी पक्षाघाताचे रुग्ण सरासरी ७५ टक्के वेळ झोपले होते, तुलनेसाठी घेतलेले लोक ८४ टक्के. एकदा डोळा लागल्यानंतर पुन्हा जागं राहण्यात रुग्णांची साधारण ९७ मिनिटं गेली, इतरांची ५४. गाढ झोपही थोडी कमी भरली.

पण "किती जणांना निद्रानाश होतो?" असं विचारलं की जमीन हलायला लागते. २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात ३८ टक्के असा आकडा आहे. तोच आढावा पुढे सांगतो की निदानाचे रीतसर निकष लावलेल्या अभ्यासांत हे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास येतं आणि नुसत्या प्रश्नावल्या वापरलेल्या अभ्यासांत ४१ च्या आसपास. म्हणजे आजार तोच, मोजपट्टी बदलली की नऊ टक्क्यांचा फरक. याहून महत्त्वाचा मला २००२ चा एक फिनिश अभ्यास वाटला. २७७ रुग्णांपैकी जवळपास ५७ टक्क्यांनी झोपेची तक्रार सांगितली. त्यातल्या बहुतेकांना ती पक्षाघाताच्या आधीपासून होती. पक्षाघातानंतर नव्यानं सुरू झालेले फक्त १८ टक्के. आधीची झोप कशी होती हे न विचारता निघालेले आकडे मग कशाचे म्हणायचे?

आता घरातला अनुभव. दिवसा किती पेंग येते हे मोजायला एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. १९९१ साली ऑस्ट्रेलियात तयार झाली. मी ती बाबांसोबत भरायला बसले. "बसून वाचत असताना डोळा लागतो का?" बाबांचं वाचणं बोलण्यासोबतच गेलंय. "गाडी रहदारीत थांबलेली असताना?" पाच महिन्यांत ते तपासणीखेरीज घराबाहेर पडलेले नाहीत. प्रश्नावलीत लिहिलंय की हल्ली असं काही केलं नसेल तर केलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. मी ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावलं. बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग डावा हात हलवून म्हणाले, "नाही." डोळा लागत नाही, की वाचत नाही, की प्रश्न कळला नाही? मी शून्य लिहिलं. समोर माणूस पेंगतोय आणि कागदावर शून्य. अशी किती शून्यं कुठल्या कुठल्या सरासऱ्यांत जाऊन बसली असतील हे मला तेव्हापासून सतावतंय.

आणि हे निदान मोजलं तरी गेलं. कितीतरी अभ्यासांत वाचा गेलेल्यांना, फार आजारी असलेल्यांना घेतच नाहीत, कारण त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणजे ज्यांची झोप बहुधा सर्वांत जास्त बिघडलेली, तेच मोजणीतून बाहेर.

अबोली

कवडसा, तुमचं वाचताना वाटलं मीच लिहिलंय. माझ्या मिस्टरांचं उलटं आहे. झोप लगेच लागते, पण घोरता घोरता एकदम सगळं शांत होतं. छाती हलत असते पण आवाज नाही, श्वास नाही. मी मनात आकडे मोजते. कधी वीस, कधी तीसच्या पुढे. मग मोठ्यानं हुंकार येतो आणि पुन्हा घोरणं सुरू. दीड वर्ष झालं, मी सलग झोपलेली नाही. हे पक्षाघातामुळे आहे का? आधीही घोरायचे, पण तेव्हा कोण मोजत बसलं होतं.

रात्रपाळी

अबोलीताई, मी झोपेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, बारा वर्षं रात्री हेच बघतोय. तुम्ही जे सांगताय ते झोपेत श्वास अडकण्याचं अगदी ठळक वर्णन आहे. छाती हलतेय पण हवा आत जात नाही, म्हणजे घशातली वाट मिटतेय. कृपा करून हे थांबवून ठेवू नका, डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. शक्य असेल तर फोनवर दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा. मोठं वर्णन ऐकण्यापेक्षा ते बघून डॉक्टर लवकर हलतात.

आता आकडे. पक्षाघातानंतरच्या झोपेवरच्या संशोधनात मला सर्वांत भक्कम वाटतो तो हाच भाग, कारण इथे रुग्णाला काही विचारावं लागत नाही, यंत्र मोजतं. दर तासाला श्वास किती वेळा थांबतो किंवा बराच कमी होतो ते आम्ही मोजतो. तासाला पाचपेक्षा जास्त म्हणजे दोष आहे. २०१० मध्ये २९ अभ्यास एकत्र केले, २३४३ रुग्ण होते. ७२ टक्के लोक पाचच्या वर, ३८ टक्के वीसच्याही वर. २०१९ मध्ये याहून कितीतरी मोठा आढावा झाला, ७०९६ रुग्णांचा. आकडा आला ७१ टक्के. तासाला तीसच्या वर, म्हणजे तीव्र, ३० टक्के. नऊ वर्षांच्या अंतरानं, तिप्पट माणसांवर मोजूनही आकडा जागचा हलला नाही. दर तीन-चार रुग्णांत एकाला तीव्र त्रास, आणि त्यातल्या बहुतेकांची कधी तपासणीच होत नाही.

"पक्षाघातामुळे आहे का?" याचं उत्तर दोन्हीकडून येतं. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही असा एक प्रकार असतो, तेव्हा छातीसुद्धा हलत नाही. तो पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत जास्त दिसतो आणि काही आठवड्यांत पुष्कळ कमी होतो. घसा मिटण्याचा प्रकार मात्र बऱ्याचदा आधीचाच असतो आणि तो तीन महिन्यांनंतरही तसाच राहतो, हे २००० साली एका अभ्यासात एकाच रुग्णांना दोनदा तपासून दाखवलंय. शिवाय घसा मिटण्याच्या त्रासामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, हेही २००५ पासून चांगलं ठाऊक आहे. उताणं झोपल्यावर त्रास वाढतो. आणि एक बाजू गेलेला माणूस बहुतेक रात्रभर उताणाच असतो, कारण कूस बदलता येत नाही.

कवडसाताई, बाबांची तपासणी झाली आहे का? ते घोरत नसतील, जाडही नसतील, पेंगही कागदावर शून्य, म्हणून कुणी सुचवली नसेल. पण पक्षाघाताच्या रुग्णांत नेमकं हेच फसतं. एरवी श्वास अडकणारा माणूस स्थूल असतो, दिवसा पेंगतो. यांच्यात तसं जुळत नाही, बारीक माणसं असतात, एपवर्थचे गुण साधारण असतात, आणि तपासलं तर तासाला चाळीस वेळा श्वास थांबतोय. रात्री दोनला दचकून जागं होणं हे "मेंदूला मार" म्हणून सोडण्याआधी एक रात्र मोजायलाच हवी.

मोजमापाबद्दल अजून एक सांगतो, कारण तुम्ही तोच विषय काढलाय. मनगटी घड्याळासारखं यंत्र बांधून हालचालीवरून झोप मोजतात. ते लुळ्या पडलेल्या हातावर बांधलं की हात हलत नाही आणि यंत्र म्हणतं माणूस गाढ झोपलाय. चांगल्या हातावरच बांधायला हवं. शोधनिबंध वाचताना कोणत्या हातावर बांधलं होतं ते शोधा. लिहिलेलं नसेल तर त्या झोपेच्या तासांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

कवडसा

रात्रपाळी, तपासणी झालेली नाही. कुणी शब्दही काढला नव्हता. मनगटी यंत्राचं वाचून मी काल जमवलेल्या निबंधांतले चार परत उघडले. एकात "न बाधित हात" असं स्पष्ट लिहिलंय. एकात "मनगटावर" एवढंच आहे. दोनात काहीच नाही.

दुसरी_बाजू

सर्वांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण तपासणी करून पुढे काय? श्वास अडकण्यावर उपाय म्हणजे रात्रभर हवेच्या दाबाचा मुखवटा, सीपॅप. त्यावर सर्वांत मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली, सेव्ह नावाची. २७१७ माणसं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. मुखवट्यानं हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. माझ्या आईला आम्ही हा मुखवटा लावायला लावत होतो, ती रात्रभर ओढून काढायची, रडायची. मग हे वाचलं आणि बंद केलं. ज्याचा फायदा सिद्ध होत नाही त्यासाठी आजारी माणसाला छळायचं का, हा माझा खरा प्रश्न आहे.

कवडसा

प्रश्न रास्त आहे आणि आईंचं वाचून वाईट वाटलं. मी सेव्ह चाचणी पूर्ण वाचली आहे. तिचा निकाल मला मान्य आहे, पण तिनं कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं ते नीट बघू या.

त्या चाचणीत लोकांनी मुखवटा रात्री सरासरी ३.३ तास लावला. म्हणजे निम्म्याहून जास्त रात्र विनाउपचार. शिवाय ज्यांना दिवसा फारच पेंग येते अशांना आधीच वगळलं होतं, कारण त्यांना उपचाराविना ठेवणं बरोबर नव्हतं. सगळे पक्षाघाताचेही नव्हते, बरेच हृदयाचे होते. आणि मोजलं काय, तर पुढच्या काही वर्षांत पुन्हा झटका येतो का. तो कमी झाला नाही. पण त्याच चाचणीत पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, रोजचं जगणं बरं झालं. माझ्या बाबांसाठी सकाळी व्यायामाला जागं असणं हीच मोठी गोष्ट आहे.

एक मात्र मी स्वतःच्या बाजूविरुद्ध सांगते. ज्यांनी चार तासांच्या वर मुखवटा लावला त्यांच्यात पक्षाघात कमी दिसले असं त्याच चाचणीच्या आधारे सांगतात. तिथे चिठ्ठ्यांचा न्याय संपतो. जो माणूस रोज चार तास मुखवटा सहन करतो तो गोळ्याही वेळेवर घेतो, चालायलाही जातो. फायदा मुखवट्याचा की त्या माणसाचा, हे त्यातून वेगळं करता येत नाही. म्हणून तो आकडा मी कुणाला पटवायला वापरणार नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही तोलूनमापून बोलतात. तपासणीचा विचार करायला हरकत नाही, आणि त्रास आढळला तर मुखवटा उपयोगी पडू शकतो, इतकंच.

दुसरी_बाजू

पेंग आणि मनःस्थितीचा भाग मी वाचला नव्हता. बातमीत फक्त "उपयोग नाही" एवढंच होतं. आईला आता दोन वर्षं झाली जाऊन. धन्यवाद, नीट सांगितलंत.

पायवाट

मी स्वतः रुग्ण आहे, बेचाळिसाव्या वर्षी झालं. मेंदूच्या मधोमध, थॅलॅमसमध्ये. या भागात झटका बसला की माणूस झोपतच राहतो, हे मला नंतर कळलं. पहिले तीन आठवडे मला आठवतच नाहीत. जेवताना झोपायचो, बोलता बोलता झोपायचो. बायकोला वाटायचं मी मुद्दाम उत्तर देत नाही.

ती झोप गेली आणि जे उरलं त्याला झोप म्हणू नका अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. तो थकवा आहे. दोन्ही वेगळे. पेंग आली की पडलो, झोपलो, उठलो की बरं वाटतं. थकवा आला की पडतो, झोप लागत नाही, आणि उठल्यावरही तितकाच असतो. दोन ओळींची चिठ्ठी लिहिली की अंगातलं सगळं पाणी कुणी काढून घेतल्यासारखं होतं. डॉक्टर विचारतात "झोप कशी आहे?" मी म्हणतो "बरी." मग ते पुढे जातात. थकव्याचं कुणी विचारत नाही. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना हा असतो असं वाचलंय.

अजून एक. माझी झोप मोजली होती, दवाखान्यातच, सहाव्या दिवशी. त्या रात्री दर दोन तासांनी रक्तदाब घेतला, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं यंत्र वाजत होतं, दिवा डोळ्यांवर. त्या रात्रीची झोप वाईट निघाली यात माझ्या मेंदूचा वाटा किती आणि दिव्याचा किती?

कवडसा

पायवाट, तुमचा शेवटचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतलाय. तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसं स्वतःच्या घरी झोपली होती की तशाच वॉर्डात, हे आता प्रत्येक निबंधात शोधणार.

निरांजन

विषय थोडा वेगळा आहे, पण भीती वाटते म्हणून विचारते. नऊ तासांच्या वर झोपणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका जवळपास तिप्पट, असं वाचलं. माझी सासू रोज साडेनऊ-दहा तास झोपते. तिला उठवू का?

रात्रपाळी

उठवू नका. तो अभ्यास २०२३ चा, इंटरस्ट्रोक. सुमारे ४५०० लोक, निम्मे पक्षाघात झालेले, निम्मे नाही. पाच तासांहून कमी झोपणाऱ्यांत शक्यता तिपटीच्या थोडी वर आणि नऊहून जास्त झोपणाऱ्यांत अडीचपटीच्या वर दिसली, हे बरोबर. पण झोपेबद्दल विचारलं ते झटका येऊन गेल्यावर. "गेल्या महिन्यात किती झोपत होता?" ज्याच्यावर नुकतं आभाळ कोसळलंय त्याला, आणि तो बोलू शकत नसेल तर घरच्यांना. आणि लांबलेली झोप बऱ्याचदा दुसऱ्या कशाची तरी खूण असते, श्वास अडकणं, हृदय, उदासी. झोप कमी करून ते जात नाही. सासूबाई आधीपासून इतक्याच झोपत असतील तर राहू द्या. अलीकडे वाढली असेल किंवा घोरत असतील तर तपासा.

चालतं_बोलतं

मी फिजिओथेरपिस्ट. इतके दिवस फक्त वाचत होते.

पक्षाघात झालेले लोक दिवसा शिकलेली हालचाल रात्री झोपेत पक्की करतात, असं दाखवणारे प्रयोग २००८ पासून आहेत. एका गटाला सकाळी शिकवून संध्याकाळी तपासलं, दुसऱ्याला संध्याकाळी शिकवून झोपेनंतर सकाळी. झोपून आलेल्यांचं काम सुधारलं होतं. प्रयोग छोटे आहेत, माणसं थोडी, आणि शिकवलेलं काम प्रयोगशाळेतलं, पडद्यावरच्या खुणेमागे हात नेण्यासारखं. त्यावरून "चांगली झोप म्हणजे हात लवकर परत येतो" असं मी कुणाला सांगत नाही. पण माझ्या कामात मी याचा एक सरळ उपयोग करते. रुग्ण कधी सर्वांत जागा असतो ते आठवडाभर घरच्यांना लिहून ठेवायला सांगते आणि त्याच वेळेला जाते. कवडसाताई, तुमच्याकडचे फिजिओ सकाळऐवजी दुपारी चारला येऊ शकतील का, विचारून बघा.

झोपेच्या गोळीबद्दल. बऱ्याच घरांत मला ती सुरू झालेली दिसते. मी डॉक्टर नाही, पण सकाळी त्या गोळीचा अंमल उतरलेला नसताना माणसाला उभं करायची वेळ माझ्यावर येते, तोल जातो, पडतात. आणि श्वास अडकत असेल तर काही गोळ्यांनी तो आणखी दबतो. अबोलीताई, तपासणी होईपर्यंत मिस्टरांना अशी गोळी कुणी दिली तर घोरण्याचं आधी सांगा. निद्रानाशासाठी पहिला उपचार गोळी नसून सवयी आणि विचारांवर काम करणारी पद्धत आहे, सीबीटी. त्यात अंथरुणातले तास मोजून कमी करतात, जागं असाल तर उठून बसायला सांगतात. पक्षाघातानंतर ती किती चालते यावर चाचण्या अजून थोड्याच आहेत. आणि अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाला "झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत जा" हे सांगणाऱ्यानं एकदा त्याला रात्री दोनला उठवून बघावं. पद्धत बदलून घ्यावी लागते. मी खाटेचं डोकं वर करून बसवायला सांगते, तेवढंही पुष्कळ होतं.

अबोली

चित्रण दाखवलं. डॉक्टरांनी पूर्ण बघितलंसुद्धा नाही, चाळीस सेकंदांतच तपासणी लिहून दिली. रात्रपाळी, खूप खूप आभार.

कवडसा

तीन आठवड्यांनी लिहितेय. बाबांची तपासणी घरीच झाली, नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. चिमटा डाव्या बोटाला लावायचा मी आठवणीनं सांगितलं, उजवं बोट गार असतं त्यांचं. तासाला ३१ वेळा. जवळपास सगळं उताणं असताना. डाव्या कुशीवर असलेल्या तासाभरात फक्त सहा.

आता पाठीमागे उशी लावून डाव्या कुशीवर ठेवतो, उजव्या खांद्याला आधार देऊन. फिजिओ दुपारी यायला लागलेत. मुखवटा परवापासून आहे. पहिल्या रात्री पन्नास मिनिटं, काल दोन तास दहा. अडचण अशी की पट्ट्याची कडी काढायला दोन हात लागतात. काल रात्री गुदमरल्यासारखं झालं तेव्हा बाबांना ती एका हातानं सुटेना आणि हाक मारायला शब्दही सापडेना. मी जागी होते म्हणून बरं.

रात्रपाळी, एका हातानं निघेल असा काही प्रकार आहे का?

रात्रपाळी

आहे. काही मुखवट्यांना कडीऐवजी चुंबक असतात, नुसतं ओढलं की सुटतं. पण पेसमेकर असेल किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीला धातूची क्लिप घातली असेल तर ते वापरायचे नाहीत, आणि ज्या माणसाच्या शेजारी ते झोपणार त्यालाही असलं काही नसावं. आधी डॉक्टरांना विचारा. तोवर डाव्या बाजूच्या कडीला रिबिनीचा मोठा फास बांधा, अंगठा सहज जाईल इतका. दिवसा जागेपणी दहा वेळा काढायचा सराव करून घ्या. मुखवटा आपल्या हातानं काढता येतो हे कळलं की लोक तो जास्त वेळ ठेवतात, हे मी प्रयोगशाळेत बऱ्याचदा बघितलंय.

कवडसा

फास बांधला. सरावाला बसलोय. सहाव्या वेळेला निघाला आणि बाबांनी तो पुन्हा स्वतःच लावायला घेतला.